धुराचं मशीन घ्यायच्या आधी तालमीमागचा चषक बघा

तालमीच्या सगळ्या पोरांना, अध्यक्ष-उपाध्यक्षांना, खजिनदाराला आणि ग्रुपवर नुसता अंगठा टाकून झोपणाऱ्यांना पण,

परवा रात्री ग्रुपवरचा मेसेज बघितला. गणपतीच्या वर्गणीतनं उरलेल्या पैशातनं गल्लीसाठी धुराचं मशीन घ्यायचं, कोटेशन आलंय, फ्लेक्सचं डिझाइन पण तयार, 'आपली गल्ली डासमुक्त गल्ली', खाली सगळ्यांचे फोटो. त्याखाली तीस-चाळीस अंगठे आणि 'नाद खुळा'. माझा पण अंगठा गेलाच होता स्क्रीनवर, पण टाकला नाही. तिथंच दोन ओळी लिहायला घेतल्या तर त्या थांबेनात, म्हणून हे असं उघड लिहालोय, बाजूच्या मंडळांत पण असंच मशीन घ्यायचं घाटालंय म्हणं, त्यांनी पण वाचलं तर बरंच.

मी कोण ते सांगायला नको, नळवाले काका. एकतीस वर्षं झाली कोल्हापुरात आपल्या पेठेत नळाची कामं करतोय. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरावरची टाकी मी चढवलीय, कुणाच्या टाकीला झाकण नाही, कुणाचा ओव्हरफ्लोचा पाइप आ वासून आहे, कुणाच्या माडीवरचा बॅरल चार वर्षांत हललेला नाही, हे मला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहे. आणि काका तालमीच्या विरोधात गेला असं तर मुळीच समजू नका, मी पण याच तालमीच्या हौद्यात माती खाल्लीय, चितपटच जास्त वेळा झालो ती गोष्ट वेगळी.

तर मशीन. धूर दिसतो, आवाज येतो, बारकी पोरं मागनं पळतात, फोटो झकास येतो, सगळं खरं. पण त्यानं मरतं कोण? जो डास त्या घडीला उडतोय आणि ज्याच्या अंगाला औषध लागतंय तेवढाच. डेंग्यूचा डास काय तुमची वाट बघत गल्लीत उडत बसत नाही, तो घरात असतो, कॉटखाली, खुंटीवरच्या शर्टांच्या मागं, माळ्यावर, जिन्याखालच्या अंधारात. आणि मशीनचा आवाज आला की आपल्या घरातनं काय होतं, धाडधाड दारं-खिडक्या लागतात, डिझेलचा वास नको म्हणून, भाकरीच्या पिठावर धूर बसंल म्हणून. म्हणजे धूर बाहेर आणि डास आत निवांत. खरं तर खाण्यापिण्याचं झाकून दारं उघडी टाकायची असतात तेव्हा, पण कोण टाकतंय. आणि पाण्यातल्या अळीला त्या धुराचं काहीच होत नाही, संध्याकाळी तुम्ही धूर मारून दमून घरी जाणार आणि सकाळी त्याच घरच्या बॅरलातनं नवीन बॅच बाहेर पडणार. एखाद्या घरात पेशंट सापडला की आजूबाजूला धूर मारतात, त्याला अर्थ आहे, विषाणू पोटात घेऊन फिरणारे डास तिथल्या तिथं मारायचे असतात. पण ते काम आरोग्यवाल्यांचं, औषध किती आणि डिझेल किती हे त्यांना माहीत असतं. आपल्यातला एखादा गडी तोंडाला रुमाल बांधून दर शनिवारी ते मशीन खांद्याला अडकवून फिरणार, त्याच्या छातीत काय जाणार हे कोटेशनात कुठं दिसलं नाही मला.

आता माझीच गोष्ट सांगतो, हसा पाहिजे तेवढं. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर आमच्या मंडळींना ताप भरला. डोळ्यांच्या खोबणी दुखतात म्हणाली, कमरेत आणि सांध्यांत असं दुखालंय की कुणीतरी बदडून काढलंय म्हणाली, तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ. रक्त तपासलं, डेंग्यू. मग आशाताई आल्या टॉर्च घेऊन, दारातच म्हणाल्या, तुमच्याकडं काय बघायचं काका, तुम्ही तर टाक्यांचे डॉक्टर. मी पण छाती फुगवून वरची टाकी दाखवली, झाकण फिट, ओव्हरफ्लोला जाळी, बॅरल पालथे घातलेले. ताईंनी सगळं बघितलं, मान डोलवली आणि जाता जाता म्हणाल्या, फ्रिज जरा पुढं ओढता का. ओढला. मागं खाली तो ट्रे असतो, बर्फ वितळलेलं पाणी ज्यात पडतं तो, आठ वर्षांत मी तो कधी बाहेर काढला नव्हता. टॉर्च मारली तर आत बोटभर पाणी, कोमट, त्यात केसाएवढ्या अळ्या उलट्या लटकलेल्या, उजेड पडला तशा सगळ्या वळवळत खाली गेल्या. आत झोपलेली आमची मंडळी तेवढ्यात म्हणाली, गावच्या टाक्या बघत फिरा तुम्ही. त्यावर बोलायला तोंड नव्हतं मला.

त्या दिवसानंतर मी हे डासांचं जरा नीट समजून घेतलं, ताईंना विचारून, डॉक्टरांना विचारून, मोबाइलवर वाचून. त्यात एक गंमत सापडली ती सांगतो आणि पुढं जातो. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, १९०२ ला त्याला नोबेल मिळालं, आणि २० ऑगस्ट म्हणून जागतिक डास दिन. त्यानं ते डास कुठनं आणले तर पाण्यातल्या अळ्या सांभाळून वाढवले. आपण पण घरोघरी तेच करालोय, फक्त आपल्याला नोबेल मिळंना झालंय.

आता बॅरल. आपल्याकडं बॅरल एवढे का झाले ते तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ चा पूर, गावात सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळापळ, बाया-माणसांनी दहा-बारा दिवस काय हाल काढले ते मी बघितलेत. पूर ओसरला तसे निळे बॅरल घरात शिरले, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन. जुलै २०२१ ला परत पूर, परत तेच, बॅरल अजून वाढले. मग २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी आलं पण बॅरल काय हलले नाहीत. असू दे, असू दे, कधी लागंल सांगता येत नाही. ही भीती खोटी नाही, मला त्यावर बोलायचं नाही, बॅरल ठेवा. पण पाणी शिळं होऊ देऊ नका. आमची आजी रोज सकाळी घागरीतलं शिळं पाणी तुळशीला नाहीतर अंगणात ओतून घागर घासूनच नवीन भरायची, ती काय डासासाठी नाही करायची, शिळं पाणी प्यायचं नाही एवढंच तिला माहीत. आपण आजीची घागर सोडली आणि दोनशे लिटरचा बॅरल धरला, तो ओतायला जिवावर येतो, म्हणून वरचं वापरायचं आणि वरनंच भरायचं, तळाचं पाणी वर्षानुवर्षं तसंच.

आणि नुसतं ओतून पण भागत नाही बरं का, हे मला आधी माहीत नव्हतं. हा पट्टेवाला डास अंडी पाण्यात नाही घालत, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, आतल्या ओल्या कडेला चिकटवतो. काळी काळी, मिरीची पूड चिकटल्यासारखी, लक्ष देऊन बघितलं तरच दिसतात. पाणी ओतलं, बॅरल वाळवला तरी ती महिनोन् महिने तशीच जिवंत राहतात, परत पाणी भरलं, रेघ वर आली की फुटतात. म्हणून काथ्या नाहीतर घासणी घेऊन आतनं सगळीकडनं घासायचं, विशेष करून वरची कड, मग ओतायचं, आणि ओतायचं ते पण गटारीत नाही, उन्हात रस्त्यावर नाहीतर मातीत, म्हणजे अळ्या तिथंच वाळून मरतात. अंड्यापासनं उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळं आठवड्यातनं एकदा हे केलं की त्याचा डावच पूर्ण होत नाही. आठवड्यातनं एकदा, दर आठवड्याला. हुक्की आली म्हणून एकदा केलं आणि पुढं महिनाभर विसरलं तर काय उपयोग नाही.

काही जण म्हणणार, काका आपल्या घरातलं काय घेऊन बसलायसा, डास तर रंकाळा तलावाच्या केंदाळातनं, म्हणजे जलपर्णीतनं येतात, जयंती नाल्यातनं येतात. येतात की, पण ते डास वेगळे. घाण पाण्यातला तो रात्री कानाशी गाणं म्हणणारा, त्यानं झोप जाते, अंग सुजतं, त्याचा ताप आहेच आणि त्यासाठी नाला-गटार वाहतं ठेवा म्हणून भांडलंच पाहिजे, त्यात मी तुमच्या पुढं असीन. पण डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणारा हा काळा, पायावर पांढरे पट्टे असलेला गडी स्वच्छ पाण्याचा शौकीन आहे, दिवसा चावतो, सकाळी पोरं शाळेला निघतात तेव्हा आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, आणि चावतो पण खाली, घोट्याला, पोटरीला. हाफ पँटीवर फुटबॉलची प्रॅक्टिस करणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा. आणि त्याची उडी लांब नसते, जन्मला तिथनं शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचा सगळा संसार. म्हणजे तुम्हाला डेंग्यूचा डास चावला तर तो बहुतेक आपल्याच गल्लीत जन्मलाय, रंकाळ्यावरनं रिक्षा करून आलेला नाही.

माझ्या धंद्यातनं जे दिसतं ते पण सांगून टाकतो. टाकीचं झाकण उन्हानं तडकतं, नाहीतर पाइप आत सोडायला म्हणून कुणीतरी अर्धं कापतं आणि वर फरशीचा तुकडा ठेवतं, त्या फटीतनं डासाला हायवे. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला वीतभर नायलॉनची जाळी गुंडाळून सायकलच्या ट्यूबची रबर मारली की झालं, याला प्लंबर पण लागत नाही, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगालोय. संडासाच्या टाकीचा जो उभा गॅस पाइप असतो त्याला पण तशीच जाळी पाहिजे, आख्ख्या गल्लीत मी मोजली तर चार घरांना आहे. प्रेशर नाही म्हणून आपल्याकडं जुन्या घरांत नळ खड्ड्यात घेतलाय, त्या खड्ड्याच्या तळाला कायम चार बोटं पाणी. मीटरच्या चेंबरात गळतीचं पाणी. जो बाथरूम वापरात नाही, पोरगं पुण्याला गेल्यापासनं बंद आहे, त्याच्या नहाणी ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये पाणी साचलेलंच, आठवड्याला एकदा दोन बादल्या धबाधबा ओता तिथं. बांधकाम चालू असेल तर लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर बांध घालून साठवलेलं पाणी, तिथल्या वॉचमनची पोरं पहिली आजारी पडतात, आणि ते कुणाच्या ग्रुपवर नसतात. जुन्या वाड्यातले आड आहेत त्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य विभागाकडं विचारलं तर मिळतात, अळ्या त्यांचं आवडतं खाणं. पण ते मासे रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत नेऊन सोडायचा शहाणपणा नको, तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर येतात ते. फुलदाणीतला मनी प्लांट, कुंडीखालची ताटली, पत्र्यावर टाकलेलं जुनं टायर, शहाळ्याची टरफलं, हे तर तुम्हाला शाळेत पण सांगितलंय, मी परत सांगत नाही.

आणि आता चषक. राग धरू नका. परवाच तालमीच्या मागच्या मोरीचा नळ गळतो म्हणून तुम्हीच मला बोलावलं होतं. तिथं छपराखाली फळीवर जुने चषक ठेवलेत, मोठा तो दोन कानांचा, आपण फायनल जिंकून आणलेला, गुलालानं अजून कडा लाल आहेत त्याच्या. पत्र्याची पावळण बरोब्बर त्याच्यात पडते. काठोकाठ भरलेला. मी वाकून बघितलं तर आत अळ्याच अळ्या, काही तर कोषात गेलेल्या, स्वल्पविरामासारख्या वाकड्या, म्हणजे एक-दोन दिवसांत उडणाऱ्या. तिथंच बाजूला व्यायामाचं ते ट्रॅक्टरचं टायर, त्यात पण पाणी. मंडपाची गुंडाळून ठेवलेली ताडपत्री, तिच्या घडीत पाणी. मी चषक ओतला, नळ दुरुस्त केला, घरी आलो, आणि त्याच रात्री ग्रुपवर धुराच्या मशीनचं कोटेशन आलं. आता सांगा मी अंगठा कसा टाकणार.

घरातल्या उपायांचं पण विचारता तुम्ही मला कायम, तर थोडक्यात. खिडकीला जाळी हा एकदाच खर्च आहे आणि सगळ्यात चांगला. पंखा फुल्ल ठेवला तर डासाला नीट बसता येत नाही, तो काय मोठा पैलवान नाही. अंगाला लावायची क्रीम चालते, दिवसा लावा, शाळेला जाणाऱ्या पोरांच्या पायाला लावा, डब्यावर वय लिहिलेलं असतं ते बघून. कॉइल बंद खोलीत रात्रभर लावून झोपू नका, २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधनं निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले होते, आणि आपण तान्ह्या पोराच्या पाळण्याखाली ती लावतो. डासाच्या अगरबत्त्या म्हणून जे काय मिळतं त्यात पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी नंबर नसेल तर घरात आणू नका. माझी आई धुपाटण्यात शेणीचा निखारा घालून वर कडुलिंबाचा पाला टाकायची, घरभर धूर, आम्ही खोकून बाहेर आणि डास तेवढ्यापुरते शेजाऱ्यांकडं. वास मला अजून आवडतो, पण औषध म्हणून नाही सांगणार. मच्छरदाणी मात्र सांगणार, आणि ती दिवसा पण, दुपारी झोपणाऱ्या लेकराला.

मच्छरदाणीचं अजून एक काम आहे जे मला मंडळींच्या आजारपणात कळलं. डेंग्यूच्या पेशंटला मच्छरदाणीत झोपवायचं, दिवसा पण. त्याला परत डास चावंल म्हणून नाही, त्याला चावलेला डास बाकीच्यांना चावंल म्हणून. तापाच्या त्या पहिल्या चार-पाच दिवसांत पेशंटच्या रक्तात विषाणू असतो, तो डासानं ओढला की आठ-बारा दिवसांनी तो डास तयार, मग जगंल तोवर चावंल त्याला देत सुटतो. आपण काय करतो, पेशंटला बघायला आख्खी भावकी कॉटभोवती गोळा करतो, शहाळी घेऊन. ताप आला तर मनानं अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल चालते, ब्रुफेन-ॲस्पिरिनसारख्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज देत राहा. आणि ताप उतरला म्हणून गाफील राहू नका, नेमकं तेव्हाच जपायचं असतं, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतनं रक्त, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं की रात्र असो पहाट असो दवाखाना गाठा. पपईच्या पानांचा रस पाजत दोन दिवस घालवू नका. आमच्याकडं पण आला होता रस, तीन घरांतनं, आपली माणसं प्रेमळ आहेत.

आता तुम्हालाच का सांगालोय. आशाताई दारात आल्या की लोक आतनंच सांगतात, आमच्याकडं पाणी साठवत नाही ताई, आणि मागं तीन बॅरल भरलेले. वर चढू देत नाहीत, पाय घाण होतील म्हणतात. पण तुम्हाला कोण अडवत नाही. वर्गणीला तुम्ही प्रत्येक दाराला जाता, कुणाच्या घरात किती माणसं आणि कुणाकडनं किती निघणार हे तुम्हाला पाठ असतं, म्हाताऱ्या तुम्हाला 'ये रं बाळा' म्हणून थेट माडीवर नेतात. पुरात तुम्हीच त्याच माडीवरनं माणसं खाली काढली होती. आणि तो दोनशे लिटरचा बॅरल म्हातारीला नाही पालथा घालता येत, म्हणून तो चार वर्षं तसा आहे. तुम्हाला दोघांना दोन मिनिटांचं काम, तेवढ्यासाठी तर जोर-बैठका काढता नव्हं.

मशीनच्या पैशात जाळीचा एक मोठा रोल, काथे, चार चांगल्या टॉर्च, ज्यांना परवडत नाही त्यांच्या टाक्यांना झाकणं, एवढं येऊन पण शिल्लक उरतील, हिशोब मी खजिनदाराला लिहून दिलाय. पहिल्या पावसापासनं दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी एक तास, मटणाच्या लायनीत उभं राहायच्या आधी. वीस पोरं आली तर आख्खी गल्ली तासात होते, मी घरं मोजलीत. फ्लेक्स लावायचाच असेल तर लावा, फोटोत माझा नको.

येत्या रविवारी साडेसातला माझ्या दारात या. शिडी माझी. पहिला फ्रिज माझ्याच घरातला ओढून बघू, मंडळींनी चहाचं कबूल केलंय. येताना चषक कोणतरी घासून आणा.

तुमचा,
नळवाले काका